पाण्यातला करंजवाडी फाटा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आज घरात होडी आली. कुरिअरवाल्यानं भलंमोठं गाठोडं ओसरीवर टेकवलं तेव्हा मला वाटलं, लेकीनं, अर्पितानं पुण्याहून गादी पाठवली. ह्यांनी चेन उघडली. आत जाड रबराची नारिंगी घडी, पायानं हवा भरायचा पंप आणि दोन वल्ही.

“कयाक म्हणतात ह्याला,” हे म्हणाले. “दोघांची हाय. तू फुडं बसायचं, मी मागं.”

“बसून जायचं कुठं?”

“धरणावर. आणि कुठं?”

हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सारी नोकरी पाण्याच्या कडेनं गेली, पण पाण्यावर कधी गेले नाहीत. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि तेव्हापासून खुर्चीत बसून असतात. माणसाला काही नाद हवा हे मलाही पटतं. कुणी कोंबड्या पाळतं, कुणी भजनाला जातं. पण त्यात मला का ओढायचं? माहेरी आडाचं पाणी शेंदताना मी डोळे मिटून दोर ओढायची. पोहायला शिकले नाही. नळ सोडला तर पाण्याशी माझी ओळख नाही.

जमणार नाही म्हणून सांगितलं. हे गाठोड्याची चेन लावत-उघडत बसले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

अंगणात होडी फुगवली. माझ्या शिवणक्लासच्या मुली मशीन सोडून बघायला आल्या. जास्वंदीपासून फाटकापर्यंत सगळं अंगण तिनं व्यापलं. मुलींनी आत बसून फोटो काढले. वल्हं कसं धरायचं, मनगट कसं वळवायचं, हे सगळं ह्यांनी समजावून सांगितलं. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी एवढं बोलले.

दुपारी पुन्हा कुरिअर. दोन लाईफ जॅकेटं. दोन तर आधीच आली होती, ती कपाटात आहेत. म्हणजे आता चार झाली.

“अर्पिता आणि जावईबापू आले तर?” हे जरा थांबून म्हणाले.

बघा, माणूस किती लांबचा विचार करतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज नळदुर्गला चुलत दिराकडं जायला निघालो होतो. उमरग्याच्या चौरस्त्यावर सोलापूरच्या अंगाला वळायचं, ते हे हैदराबादच्या अंगाला वळले. मी फोनवर बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. दुकानांच्या पाट्या कानडीत दिसायला लागल्या तेव्हा म्हटलं, “अहो, कर्नाटक लागलं की.”

ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग धरून बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, “हिकडचा चहा आवडतो न्हवं तुला? म्हणून आणली.”

मी असं कधी म्हटलेलं आठवत नाही. पण खाली उतरून चहा प्यालो. नळदुर्ग राहून गेलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांनी मला असं न सांगता कधी फिरवून आणलं नव्हतं. घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होते मी. ह्यांच्या कानामागून मात्र घाम निथळत होता. गाडीचा एसी बिघडलाय, दाखवायला पाहिजे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

हे घरात बोलत नाहीत. सकाळी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून गेले होते, माघारी आले आणि किल्ली हातात धरून दारासमोर नुसते उभे. मी खिडकीतून बघत होते. किल्ली उलटी केली, सुलटी केली, कुलपाकडं बघितलं. शेवटी मीच आतून मागच्या दारानं बाहेर जाऊन ती घेतली. “कुलूप खराब झालंय,” म्हणाले. माझ्या हातून एका फेऱ्यात उघडलं.

मग अर्पिताचा फोन आला. ह्यांनी तिला विचारलं, “पेपर कसे गेले?” पोरीला नोकरी लागून किती वर्षं झाली. ती म्हणाली, “अप्पा, काय चेष्टा करता.” तेव्हा हेही हसले, पण ती हसल्यावर.

  विचार करून करून माझ्या एक ध्यानात आलं. होडीत बसायला नाही म्हटलं तेव्हापासून हे असे झालेत. मन मारलं माणसानं की असंच होतं, कशात लक्ष लागत नाही. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू पडून आहे.

जेवताना म्हटलं, “रविवारी जाऊ धरणावर.”

ह्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, मी आधीच हो का म्हटलं नाही. 

३० नोव्हेंबर, शनिवार

उद्या जायचं. लिंगपूजेला बसले तरी डोळ्यांपुढं पाणीच. धपाट्यांचं पीठ मळून ठेवलंय. अर्पिता म्हणते, आई, ते संथ पाणी असतं, जॅकेट घातल्यावर बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. तिचं काय जातंय बोलायला.

१ डिसेंबर, रविवार

 आज नाही लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

धरणावर लवकर पोचलो. यंदा पाऊस चांगला झाला, त्यामुळं काठोकाठ भरलंय. मासेमारी करणारा बिभीषण काठावर जाळं झाडत होता. तो ह्यांना नोकरीपासून ओळखतो.

“जावा साहेब बिनघोर,” तो म्हणाला. “वारं न्हाय. दुपारनं सुटतंय, तवर माघारी या.”

हवा भरायला त्यानंच मदत केली. हे त्याला सारखं ‘बब्रुवान’ म्हणत होते. बब्रुवान त्याचा बाप, तो वारून कैक वर्षं झाली. बिभीषण हसला. “आमची तोंडंच सारखी हायत, मावशी,” असं मला म्हणाला.

होडी काठावरून सुटली तशी मी दोन्ही बाजूंचं रबर घट्ट धरलं. मागून हे म्हणाले, “खाली बघू नको. लांब बघ.” मी लांब बघितलं. पलीकडं उसाचे फड, त्यांच्यावर धुकं. पाणी इतकं स्थिर की त्यात फडही उलटे उभे होते. ह्यांचं वल्हं माझ्या पाठीमागं डुबुक, डुबुक वाजत होतं, एका तालात. हळूहळू माझी बोटं सैल झाली. मग मीही वल्हं घेतलं, आधी भीत भीत, मग जरा जोरानं. पाणकणसाच्या बेटाजवळ थांबून आम्ही धपाटी खाल्ली. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते, ते आम्हाला बघून उठले सुद्धा नाहीत.

खरं लिहायचं तर मला आवडलं. हे म्हणाले, “हितं डोकं शांत राहतंय बघ.” मी म्हटलं, “दर रविवारी येऊ.”

पुढं पाण्यातनं वठलेल्या बाभळींचे शेंडे वर आलेत. त्यांच्याखाली जुनी करंजवाडी. धरण झालं तेव्हा गाव वर माळावर नेऊन बसवलं. ह्यांची पहिली नेमणूक तिथली, लग्नाच्या आधीची. महांतप्पा नावाच्या एका शेतकऱ्याकडं हे मुक्कामाला असायचे, एवढं मी ऐकून होते. त्या शेंड्यांपाशी आलो आणि मागचा वल्ह्याचा आवाज थांबला.

“चल, आलं,” हे म्हणाले.

“काय आलं?”

“करंजवाडी फाटा. उतरायचं न्हाय का?”

मी हसले. चेष्टा करतायत असं वाटलं. मागं ‘कट’ असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. जॅकेटचे बक्कल. तोवर होडी एकदम कलली आणि गार पाणी माझ्या मांडीखाली शिरलं. त्या होडीत मागं वळता येत नाही, मान तेवढी वळते. तेवढ्यात दिसलं ते असं: जॅकेट उघडं. एक पाय बाहेर, गुडघ्यापर्यंत पाण्यात. दोन्ही हात कडेवर टेकून हे उठायच्या बेतात. आणि चेहरा शांत. एसटीतून उतरायच्या वेळी माणसाचा असतो तसा. वल्हं पाण्यात पडून लांब चाललं होतं, त्याचं ह्यांना काही नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर हे दचकून उठले असते आणि दोघंही गेलो असतो. हे आता लिहिताना कळतंय, तेव्हा काही कळत नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, “अहो, गाडी थांबली न्हाय अजून. बसून घ्या.”

हे थबकले. “फाटा तर हाच हाय.”

“फाट्यावर चिखल झालाय. डायवर फुडं थांबवतोय. पाय आत घ्या, दार लागंना.”

 होडी हळूच सरळ झाली. पाय आत आला होता.

मग मी वल्हं मारायला लागले. आवाज निघू नये म्हणून ओठ दाबून धरले होते. सकाळपासून होडीला वळण हे देत होते, मला नुसतं पाणी ढकलायचं माहीत. होडी जागच्या जागी फिरायला लागली. बाभळीचा शेंडा एकदा डावीकडं दिसायचा, एकदा उजवीकडं. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या यायला लागल्या होत्या. काठ इतका लांब, बिभीषण मुंगीएवढा. हाक मारावी तर हे पुन्हा उठतील.

“लई हळू गाडी हाय,” मागून आवाज आला.

“उमरगा डेपोची हाय,” मी म्हटलं. “महांतप्पाकडं काय काम काढलंय?”

“मुक्काम हाय. त्याची आई, धुरपदाबाई, वाट बघत असंल. हुलग्याचं माडगं करून ठेवती.”

“आणि सकाळी?”

 होडी जरा हलली. मला वाटलं, उठले.  मी पुन्हा विचारलं, “सकाळी काय हाय?”

“खांब रवायचेत,” हे म्हणाले. “पाणी कुठवर येणार त्याचे. गावाला अजून ठाव न्हाय. ह्या लोकांचं रोज खातोय मी, आणि त्यांच्या दारात खांब मीच रवायचा. धुरपदाबाईच्या चुलीच्या वरनं पाणी जाणार हाय.” मग आवाज बारीक झाला. “मला लई भ्या वाटतंय.”

एवढ्या वर्षांत हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी वल्हं मारत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“सांगायला मी बी येते संगं,” मी म्हटलं.

“येतीस?”

“येते की. पण गाडी थांबेपर्यंत उठायचं न्हाय.”

“न्हाय उठत,” हे म्हणाले. शाळेतल्या पोरासारखं.

उजव्या हाताला जास्त जोर लावला की होडी डावीकडं जाते, हे तेवढ्यात मला उमगलं. पाणकणसाचं बेट धरलं, तिथून काठाची झाडं धरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. वल्हं तळच्या चिखलात रुतलं तेव्हा मी पाण्यात उडी टाकली. पाणी कमरेएवढं होतं. पहिल्यांदाच उतरले मी कुठल्या धरणात. होडी ओढून ह्यांचा हात धरला आणि ह्यांना काठावर घेतलं.

चिखलात पाय टेकले तसं ह्यांनी चारी बाजूंनी बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी परत आलं.

“वल्हं कुठंय माझं?”

“गेलं पाण्यात.”

“सोडलंस होय? एक वस्तू धड सांभाळता येत न्हाय तुला.”

“माझ्याच हातून सुटलं,” मी म्हटलं.

बिभीषणानं टायरच्या ट्यूबवर बसून जाऊन ते वल्हं आणून दिलं. माझ्या लुगड्यातून पाणी गळताना बघून म्हणाला, “मावशी, पडला काय?” मी नुसतं व्हय म्हटलं.

मला गाडी येत नाही. बिभीषणालाही येत नाही. घरी हेच घेऊन आले. मी प्रत्येक वळणाच्या आधी, “आता शाळेकडनं,” “आता पुलावरनं,” असं सहज बोलल्यासारखं बोलत होते. ह्यांनी एकही चूक केली नाही. म्हशी आडव्या आल्या तर गाडी थांबवून त्यांना वाट दिली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी दूध आणलं, पेपर वाचला, शेजाऱ्यांना कालची मजा सांगितली. पाणकावळे सांगितले, धपाटी सांगितली. फाट्याचं काही नाही. “परत कधी जायचं?” मला विचारलं.

मी पंप कापडाच्या गठ्ठ्याखाली लपवलाय. हे गॅसजवळ गेले की मागोमाग मी जाते. न्हाणीघराची कडी काढून टाकली. क्लासला आज सुट्टी दिली. चार जॅकेटं, कर्नाटकातला चहा, कुलूप. सगळं एकेक करून समोर येऊन बसतंय. मी ह्यात ह्यांचा राग-रुसवा शोधत होते.

५ डिसेंबर, गुरुवार

आज सांगितलं. अंगणात ऊन खात बसले होते, मी शेजारी जाऊन बसले आणि फाट्यापासून चिखलापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. ऐकताना हाताचा अंगठा चोळत राहिले.

“मला ठाव हाय,” शेवटी म्हणाले. “हे न्हाय, पण काहीतरी चाललंय ते. गेल्या साली चौरस्त्यावर उभा राहिलो आणि घर कुठल्या अंगाला तेच ध्यानात येईना. पानवाल्याला इचारायची लाज वाटली. लोकं ये-जा करत होती, त्यांच्या मागं मागं चालत आलो.”

“मला का न्हाय सांगितलं?”

“तू भित्री हायस.”



“होडी का आणली मग?”

“पाण्यावर रस्ता न्हाय,” हे म्हणाले. “चुकायला जागाच न्हाय असं वाटलं.”

मग मी माझा हात ह्यांच्या हातावर ठेवला. दिवसाउजेडी, फाटक उघडं असताना. दोघंही घाबरलेलो, पण आता एकाच गोष्टीला.

११ डिसेंबर, बुधवार

अर्पिता आली आणि आम्हाला सोलापूरला घेऊन गेली. डॉक्टर बाई वयानं तिच्याएवढ्याच. त्यांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ज्या माणसानं कालव्याचे नकाशे हातानं काढले, त्यानं गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला गोळा केले. काढून झाल्यावर ह्यांना कळलं की चुकलंय, पण कुठं चुकलंय ते कळलं नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

फोटो काढले डोक्याचे. आजाराचं नाव सांगितलं. औषधानं थोडा धीमा होईल, माघारी जाणार नाही. अर्पिता व्हरांड्यात जाऊन रडली. मला रडू आलं नाही.

गाडीपाशी आल्यावर ह्यांनी स्वतःहून किल्ली अर्पिताच्या हातात दिली. “आता तूच चालव,” म्हणाले. “कायमची.”

१७ डिसेंबर, मंगळवार

अर्पिता गेली. ती सारखी म्हणते, पुण्याला या. हे म्हणतात, नको, हितलं निदान थोडं तरी ओळखीचं हाय. मला दोघांचंही पटतं. सकाळी हे चांगले असतात, उन्हं कलली की घाबरे होतात. मग मी मशीन बंद करून जवळ बसते आणि करंजवाडीचं विचारते. ते सगळं शाबूत आहे. कुणाच्या गोठ्यात किती बैल, कुणाच्या अंगणात कसलं झाड. मी आता त्या गावात डोळे मिटून फिरू शकेन.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळा अमावास्या. थोरल्या दिरांच्या शेतात गेलो. ज्वारी कंबरेच्या वर आलीय. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारून तिच्यात पूजा झाली, मग घोंगड्या अंथरून माणसं बसली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठात आंबील. आजच्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं असतं, कुणाचं शेत कुणाचं ते बघत नाहीत. शिवारभर हाका चालल्या होत्या. हे खूश होते. पुतण्यांना ज्वारीची कणसं दाखवून कालव्याचं पाणी कुठल्या पाळीला सोडायचं ते सांगत होते, आणि बरोबर सांगत होते. मला वाटलं, चुकलं असेल सोलापूरचं निदान.

मी विहिरीवरून हात धुऊन आले. हे कोपीपाशी एकटेच बसले होते. मला येताना बघून घोंगडीवर सरकले, जागा केली, आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

“या, बसा,” म्हणाले. “कुणाकडल्या पाव्हण्या तुम्ही?”

ह्यांनी मला आयुष्यात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही.

पलीकडं जाऊबाई आंबील ओतत होत्या, त्यांचा तांब्या हातातच राहिला. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.  पळून जावं असं वाटलं, ज्वारीत शिरून बसावं असं वाटलं. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. पाव्हण्याला बोलावताना असतो तो मोकळेपणा होता.

“हितल्याच,” मी म्हटलं.

“मग लाजताय कशाला? येळवशीला उपाशी जायाचं नसतं.” पत्रावळ ह्यांनी स्वतः मांडली, तिच्यावर भज्जी वाढली, उंडा मोडून ठेवला. “घरी कोण वाट बघतंय का?”

“बघतंय,” मी म्हटलं.

“मग जेवा पोटभर आणि उजेड हाय तवर निघा.”

मी बसले. सगळं खाल्लं, पान पुसून खाल्लं. हे शेजारी बसून, पाव्हणीला काही कमी पडत नाही ना, ते बघत राहिले.